आपली लस

"मोहनराव, लस आपली आहे हो. पुण्याची," उल्का फोनवर म्हणाली आणि आता काम फत्ते, म्हणून खुर्चीत मागे टेकली.

लंडनमधल्या ईलिंगच्या सर्जरीनं, म्हणजे तिथल्या दवाखान्यानं, तिला फोनवर समजूत घालायला पंधरा जणांची यादी दिली होती. कोविडच्या लशीला नाही म्हणणारे हे सगळे मराठी म्हातारे. उल्का रिटायर्ड नर्स, घरात एकटी. फोनवर बोलायला माणसं मिळताहेत म्हटल्यावर ती कशाला नको म्हणतेय! मार्चमध्ये काही डोस पुण्याहून येताहेत अशी बातमी आली आणि तिच्या हाती हुकमाचा पत्ताच लागला. 'आपली' म्हटलं की बायका विरघळायच्या. एकीनं तर कुठल्या पेठेत बनते तेही विचारलं. कुणाला कुठली बाटली मिळणार, हे उल्काला कुठे ठाऊक होतं? पण चौदा जणांनी लस घेतली आणि ती स्वतःवर भलतीच खूश झाली.

पंधरावे मोहनराव. वय अठ्ठ्याहत्तर. जून नावाच्या एका इंग्रज मुलीशी लग्न केलं म्हणून पुण्याच्या घरानं त्यांना तोडलं होतं. आई गेल्याचंसुद्धा कुणी कळवलं नाही. आता जूनही नव्हती. उल्काला हे सगळं रोजच्या फोनवर थोडं थोडं कळलं होतं, आणि तरी सवयीनं तिच्या तोंडून तो शब्द गेला. तोही ते 'बुक करा' म्हणायच्या बेतात असताना.



"मग राहू द्या, उल्काताई," ते म्हणाले. "आपल्यांचं मला काही नको."

"अहो, शोध इथलाच आहे, ऑक्सफर्डचा. इंग्लिशच म्हणा ना."

"आत्ता तर पुण्याची होती."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण तिच्या तोंडी आता एकही खरी वाटत नव्हती. त्यांनी फोन आपटला नाही. थंडी अजून आहे, जपा, असं म्हणून नीट निरोप घेतला. तिला तेच जास्त लागलं. पुढेही ते रोज बोलत राहिले, फक्त लसीचा विषय काढू देत नव्हते.

एप्रिलमध्ये दोन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. मोहनराव पहाटे कोविडनं गेले होते. उल्का म्हणाली, तुम्ही चुकीच्या माणसाला फोन केलात, आम्ही कधी भेटलोही नाही. पलीकडच्या नर्सनं कागद पुन्हा पाहिला. ॲडमिट झाले तेव्हा ते बोलत होते, जवळचं माणूस म्हणून त्यांनी हाच नंबर दिला होता आणि नात्यापुढे 'सिस्टर' लिहायला सांगितलं होतं, असं ती हळू आवाजात म्हणाली.

"यू आर हिज सिस्टर, राइट?"

वॉर्डात तीस वर्षं सगळे उल्काला सिस्टरच म्हणायचे.

"येस," ती म्हणाली. "यंगर सिस्टर."