पिल्लांसाठी खुडायची पानं

मी तंबाखूच्या भाऊबंदांतलं एक रोप बोलतेय. लगेच नाक मुरडू नका; मला कुणी चघळत नाही की ओढत नाही. माझ्या पानांत डुकरांच्या पिल्लांसाठी लस तयार होते.

काचघरातल्या ट्रेमध्ये मी रुजले. माझी मालकीण संशोधन करणारी, पण आमच्याशी लेकीबाळींशी बोलावं तशी बोलते. मी हाताएवढी झाले, तेव्हा तिने मला उलटं धरून गढूळ पाण्यात बुडवलं आणि यंत्राने हवा ओढून ते पाणी पानापानांत भरलं. त्या पाण्यातल्या जिवाणूंनी माझ्या पानांना रोगाच्या विषाणूचा एक तुकडा घडवायला शिकवलं. नुसता तुकडा, त्याने रोग होत नाही. गाभण डुकरिणीने तो खावा, आणि तिच्या दुधातून पिल्लांना बळ मिळावं, एवढीच आशा.

मालकिणीच्या वहिनीची डुकरं आहेत. मागच्या वेताची सगळी पिल्लं जुलाबाने गेली. म्हणून माझ्या बहिणींची पानं सुकवून, पूड करून आधी तिच्याकडे गेली.

काल वहिनी रिकामा डबा घेऊन आली.

"चाटूनपुसून खाल्लं हो डुकरिणीने!"

"कशात घातलंस?"

"कशात म्हणजे? कोंड्याच्या गरमागरम आंबोणात."

मालकिणीने डबा उलटा करून पाहिला. "वहिनी, लस शिजवलीस गं!"

"अगं, पोटुशी आहे ती. थंड घास कसा ठेवू तिच्यापुढे? तुझ्या वेळी तुला दिला होता का मी?"

मालकिणीला हसूही आलं आणि रडूही. वहिनीचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे याही वेळी जातील सगळी?"

"व्यायला अजून अवकाश आहे. हा एक ट्रे उरलाय."

तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. कडेची पानं पिवळी पडू लागलीत. उशीर झाला तर आतलं सगळं विरून जाईल. दारात पाऊल वाजलं, की वाटतं, आली! पण कुणी नुसता पाण्याचा नळ बघून जातं. देवाने पाय दिले असते, तर मीच कात्रीपाशी गेले असते.

आता मालकीण खरंच कात्री घेऊन आलीय. खुड गं बाई, हात आखडू नकोस. आणि वहिनी, तुझी माया मला कळते. पण माझी पूड घालण्याआधी आंबोणात बोट बुडवून बघ. चटका बसला, तर थांब.