बोक-सिलच्या नावापुढचा गोल

उत्तरेतून पळून इथे सोलमध्ये आल्यापासून लोक मला फिरून फिरून एकच विचारतात. तिकडचा तुमचा नेता गेला तेव्हा तुम्ही सगळे ऊर बडवून रडत होतात, ते खरं होतं का हो? मी सांगते, छे, नाटक होतं, जिवाच्या भीतीने केलेलं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण ते खोटं आहे. मी खरी रडले होते. माझा नवरा गेला तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते, आणि हे आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चौऱ्याण्णवचा जुलै होता. हामहंग शहरातल्या आमच्या इमारतीतल्या तीस घरांची मी गटप्रमुख. रोज दोनदा सगळ्यांना टेकडीवरच्या त्याच्या पुतळ्यापाशी न्यायचं, फुलं वाहायची आणि रडायचं. माझ्या हातात वही. चांगलं रडेल त्याला गोल, बेताचं रडेल त्याला त्रिकोण, कोरडा राहील त्याला फुली. संध्याकाळी वही वर जायची. फुलीचं पुढे काय होतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिसऱ्या दिवशी आसपासच्या डोंगरांवर औषधालाही फूल उरलं नाही. उन्हात बायका चक्कर येऊन पडायच्या. आमच्या गटातल्या तक नावाच्या आजी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "अगं, डोळ्यांना थुंकी लावीन म्हटलं, तर तोंडात ती तरी हवी ना. सकाळपासून पेजेचा घोट नाही पोटात."

मागच्या दोघी माना खाली घालून हसल्या. आजींना मी गोल दिला, वयाकडे बघून. मी काही अगदीच दगड नव्हते.

शेजारची बोक-सिल मात्र हसलीही नाही आणि रडलीही नाही. तिचा नवरा लांब खाणीवर, आणि घरात म्हातारी आई हगवणीने अंथरुणाला खिळलेली. तिच्या नावापुढे दोन फुल्या पडल्या होत्या. चौथ्या दिवशी दुपारी तिने मला जिन्यात गाठलं.

"ताई, आज संध्याकाळी मला सोडा. आईच्या पोटात पाणीही ठरत नाही. आज तिचं काही खरं नाही."

"आणि वहीत काय लिहू?"

"मला ताप आलाय असं लिहा."

"तिसरी फुली पडली तर आईला बघायला तू तरी इथे राहशील का?"

"मला रडूच येत नाही हो. किती प्रयत्न करते."

"अख्खा देश पोरका झालाय आणि तुला तुझ्या घरचं पडलंय," मी म्हणाले. "लाज वाटत नाही?"

हे मी भीतीने बोलले असते तर आज मान वर करून सांगता आलं असतं. पण मला ती खरोखरच निर्लज्ज वाटली. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर सरकारी रेडिओचा भोंगा होता. त्याचा आवाज कमी करता यायचा, बंद करता यायचा नाही. चाळीस वर्षं तो जे बोलत होता तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं, आणि मला वाटलं, हे माझंच मन बोलतंय.

बोक-सिल आली. तासभर पुतळ्यापुढे कोरडी उभी राहिली. मी तिसरी फुली मारली नाही, त्रिकोण काढला, आणि आपण किती मोठ्या मनाच्या आहोत असं मला वाटलं. आम्ही परतलो तोवर म्हातारी एकटीच गेली होती.

थोड्या वेळाने बोक-सिल माझ्या दारात आली. "ताई, आई गेली."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

मी तिला आत ओढून दार लावलं. शोकाच्या दिवसांत घरच्या माणसासाठी गळा काढायचा नाही, अशी आम्हाला ताकीद होती, आणि आमच्या भिंती पातळ. मी म्हणाले, "घरात आवाज करू नकोस. जे काही रडायचंय ते उद्या पुतळ्यापाशी रड. तिथे कुणी विचारणार नाही कुणासाठी ते."

तिने मान डोलावली. आपण हिच्यावर उपकारच केले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळ्याच्या पायरीवर तिने जो हंबरडा फोडला, तसा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. कपाळ फुटून रक्त आलं. वरून आलेले साहेब थांबले, त्यांनी तिचं नाव विचारलं आणि सगळ्यांना सांगितलं, हिच्याकडून शिका. मला म्हणाले, तुमच्या गटाचं काम चांगलं आहे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती का रडतेय हे तिथे फक्त मला ठाऊक होतं, आणि तरीही चढलं. मी तिच्या नावापुढे गोल काढला, चांगला ठसठशीत.

उतरताना ती माझ्याशेजारून चालत होती. कपाळावरचं रक्त वाळलं होतं. आई अजून घरातच होती, चादरीखाली.

"ताई," तिने हळूच विचारलं, "तेवढं पुरलं का?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पुरलं," मी म्हणाले. "उद्याही असंच रड."