छातीचा डॉक्टर

"हृदय अगदी ठणठणीत आहे," म्हणत डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी राजेंद्रच्या हातात ठेवली. मालनबाई मान खाली घालून पदर सारखा करत राहिली.

बाहेर बाकाशी येताच राजेंद्र वैतागला.

"आई, छातीत कसंतरी होतंय म्हणालीस म्हणून रजा टाकून आणलं तुला. नेमकं होतंय तरी काय?"

"तपासलं की त्यांनी."

"आई!"

मालनबाईनं आजूबाजूला पाहिलं. छावणी भागातला तो दवाखाना माणसांनी भरलेला. अन् सांगायचं कुणाला, तर पोटच्या पोराला! शरमेनं तिचे कान तापले.

"तुला पाजायचे ना," ती पुटपुटली, "तिथं गाठ हाय. डावीकडं. दिवाळीपासनं. दुखत नाय, म्हनून अंगावर काढलं."

राजेंद्र मटकन बाकावर बसला.

दिवाळीनंतर बुद्धविहारात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. त्याच्या बायकोनं, मेघानं, आदल्या दिवशी जेवताना विषय काढला. गाठ बारीक असतानाच कळली तर बाई वाचते, म्हणाली. 'स्तन' हा शब्द कानावर पडताच यानं ताट सारलं होतं. "जेवताना असलं नको. आईसमोर तर नकोच नको." मग आई कशाला जाते शिबिराला? शिकल्यासवरल्या लेकानंच तिच्या तोंडाला कुलूप घातलं. आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो उठून काउंटरवर गेला.

"आता काय राहिलं, साहेब?" तिथल्या मुलीनं विचारलं.

"आईला ते... लेडीज... बायकांचं जरा..."

"काय? मोठ्यानं बोला ना."

मागं रांग खोळंबली होती. राजेंद्रच्या कपाळाला घाम फुटला.

"आईच्या स्तनात गाठ आहे," तो म्हणाला, आणि भलताच मोठ्यानं म्हणाला. "कुठं दाखवायचं?"

सगळा दवाखाना वळून बघायला लागला. मालनबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. अरे देवा, चारचौघांत! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं.

"कॅन्सरच्या सरकारी दवाखान्यात जा. आजच जा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता.

मालनबाई उठणार, तोच शेजारच्या बाईनं तिचा हात धरला. कार्डिओग्रामसाठी नंबर लावून बसलेली, वैजापूरकडची कुणी असावी. तिचा नवरा पलीकडं पेपर वाचत होता. त्याच्याकडं एकदा बघून ती मालनबाईच्या कानाशी वाकली.

"बाई, मला बी न्याल का संगं?"