एकशे त्रेचाळीस ब्रशांची राखण

मी लोकांना वेबसाइट करून देते, आणि मग ती त्यांची त्यांनी सांभाळावी म्हणून शिकवतेही. यात माझा स्वार्थ आहे. आमचं पिल्लू आठ महिन्यांचं. दुपारी दीडला झोपतं, सव्वादोनला उठतं. दिवसातला माझा असा तेवढाच पाऊण तास, आणि नेमकं त्याच वेळी सगळ्यांना आठवायचं की फोटो तिरका बसलाय. म्हणून मी प्रत्येकाला एक वही लिहून देते. कुठे दाबायचं, काय दिसेल, काय खोडायचं नाही. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत: ‘आधी वही, मग फोन.’

ब्रशवाले काका माझे सगळ्यात गुणी विद्यार्थी. दुकानात केसांचे, कपड्यांचे, बुटांचे, बाटल्या धुण्याचे, चिमणी साफ करायचे, असे एकशे त्रेचाळीस ब्रश. सकाळी सगळे दारावरच्या आकड्यांना टांगायचे, संध्याकाळी मोजून आत घ्यायचे. चाळीस वर्षांत एक नग कमी भरला नाही.

साइट हवी होती ती त्यांच्या मुलीला. ती पार पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला राहते. आपली रात्र तो तिचा दिवस. बापानं आता दुकान आवरून आपल्याकडे यावं असा तिचा हट्ट. बरीच वादावादी झाली आणि शेवटी अट ठरली: काकांनी महिनाभर साइट एकट्यानं चालवून दाखवायची, मी हातही लावायचा नाही. जमलं तर दुकान राहील. नाही जमलं तर एका बाजूचं तिकीट.

“तिच्या घरी काय आहे माहितीय?” काका मला म्हणाले होते. “एक यंत्र आहे. आपलं आपण घरभर फिरतं आणि झाडतं. ब्रश आतल्या बाजूला, कुणाला दिसतसुद्धा नाही. त्याच्यासमोर बसून मी दिवस काढू?”

महिनाभर त्यांचा एकही फोन आला नाही. मी दुपारी पिल्लाला मांडीवर थोपटत एका हातानं त्यांची साइट उघडायची. सगळं जागच्या जागी. शिवाय वर्णनं रोज बदललेली. सोमवारी ‘बुटाचा ब्रश, मऊ’, मंगळवारी ‘बुटाचा ब्रश, मऊ पण लेचापेचा नव्हे’. मला भरून यायचं. माणूस किती जीव ओततोय!

अट संपायला दोन दिवस उरले असताना संध्याकाळी मुलीचा फोन आला. पिल्लाच्या तोंडात लापशी, माझ्या केसात लापशी.

“ताई, मी रोज उठल्या उठल्या बघते. महिनाभर साइट कोरी आहे. कोरी! बाबांना विचारलं तर म्हणतात झकास चाललंय. खोटं बोलायला लागलेत आता. मी उद्या तिकीट काढते.”

मी साइट उघडली. खरंच कोरी. पांढऱ्या पानावर एक ओळ: ‘इथे अजून काहीच नाही.’

“तिकिटाला एक दिवस थांबा,” मी म्हटलं.

सकाळी पिल्लाला काखोटीला मारून दुकान गाठलं. आकडे रिकामे. काका स्टुलावर बसून एका बोटानं टाइप करत होते, शेजारी माझी वही उघडी. दारात एक बाई ताटकळत उभ्या.

“काका, बाटलीचा ब्रश देता ना?”

“जरा थांबा बाई, माल लावतोय.” काका स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले. “सत्तेचाळीसपर्यंत आलोय.”

माझ्या डोक्यात उजेड पडायला एवढं पुरे झालं. “काका, तुम्ही रोज सगळं खोडता?”

“खोडत नाही, आत घेतो. साडेसातला. एकेक मोजून.” त्यांनी पिल्लाला चिमणीच्या ब्रशानं गुदगुली केली. “सकाळी नऊला लावायला घेतो, बारापर्यंत होतं. वहीतलं एक पान चुकवलं नाही.”

“अहो, ते तिथंच ठेवायचं असतं! रात्रंदिवस!”

“रात्रभर माल बाहेर?” ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच पिल्लाला ओट्यावर विसरून आले होते. “वहीत लिहिलंय कुठं?”

नव्हतं लिहिलं. चाळीस पानांत हे एक वाक्य नव्हतं.

“तिथून कुणी काही नेत नाही, काका.”

“राखणीला कोण असतं?”

“सर्व्हर असतो.”

“रात्री जागा असतो?”

“कायम.”

“तू पाहिलंयस त्याला?”

“नाही.”

“कुणी पाहिलंय?”

पिल्लाचे पहिल्या दिवसापासूनचे सगळे फोटो मी त्याच्याकडेच ठेवलेत, आणि त्याचं तोंडही मी कधी पाहिलेलं नाही.

“मुलगी रोज बघते काका, तेव्हा दुकान बंद असतं. ती उद्या तिकीट काढतेय.”

त्यांचं बोट हवेत थांबलं. “तिकीट तर तिकीट,” ते हळूच म्हणाले. “पण राखणीवाचून माल बाहेर ठेवायचा नाही. माझ्यानं व्हायचं नाही ते, पोरी.”

पिल्लानं तेवढ्यात कपड्याचा ब्रश धरून ओढला आणि मी काहीतरी बोलून गेले. “राखणीलाच कुणी हवं ना? हे रोज रात्री एकला आणि चारला उठतं. त्याच्याबरोबर मीही. बघत जाईन तुमचा माल.”

काकांनी विचार केला. पिल्लाला नीट न्याहाळलं, नोकरीला ठेवायचं असल्यासारखं. “दोन फेऱ्या. पहारेकऱ्याच्याही दोनच असतात. चुकत नाही ना एखादी?”

“चुकली तर नवस फेडीन मी,” मी म्हटलं.

त्या संध्याकाळी साडेसात वाजले, आठ वाजले, ब्रश साइटवर तसेच. तळाला मात्र काकांनी आपल्या मनानं एक ओळ घातली होती: ‘रात्रीची राखण: आठ महिन्यांचं बाळ व त्याची आई. फेऱ्या एक व चार. दोघंही विश्वासू.’

सव्वाआठला मुलीचा फोन.

“ताई, हे बाळ कोण?”

मी सगळं सांगितलं. आकडे, मोजणी, सत्तेचाळीसपर्यंत आलेला माल, न पाहिलेला सर्व्हर. पलीकडे हसू फुटलं.

“मी लहान असताना,” ती म्हणाली, “आत घेतलेले ब्रश मोजायचं काम माझं होतं. एकदा एक कमी भरला, तरी मी बाबांना पुरे सांगितले. तो मी उशीखाली नेला होता.” मग तिनं वेळेचा हिशेब मांडला. “तुमच्या एकला माझी जेवणाची सुट्टी असते. चारला चहा. बाळाला झोपू द्या ताई, मी बसते राखणीला.”

“आणि तिकीट?”

“दुकानावर राखणीला बसले, आता दुकान कसं बंद करू?”

तळची ओळ बदलली: ‘रात्रीची राखण: मुलगी.’ सकाळी नऊला ती बापाला फोन करून ताबा देते. एकशे त्रेचाळीस. दोघंही मोजतात, आपापल्या टोकाला बसून.

काल दीडला पिल्लू नुकतं झोपलं होतं, फोन वाजला. काका.

“पोरी, काय म्हणावं हिला! बाटलीचे ब्रश सगळ्यात पुढं घेतलेत. माझे बुटाचे मागं!”

“वही बघितलीत का?”

“वहीत पोरगी कशी आवरायची ते नाही.”

“मग तिलाच सांगा ना.”

“सांगितलं. म्हणते, बाबा, रात्री एकला गिऱ्हाईक येतं ते बाळांच्या आयांचंच. एक तर रोज येते. बाटलीचा ब्रश बघते, काही न घेता जाते. कोण असेल?”

पिल्लू कुशीवर वळलं. मी त्याला थोपटत राहिले.

“असेल कुणीतरी,” मी म्हटलं.