आभाळातलं कोकरू

तुम्ही ऐकतच नाही. कान आहेत, वेळही आहे, पण उघड्या माळाकडे एक नजर टाकता आणि म्हणता, "इथे आहे काय?" हा प्रश्न नसतोच. तो निकाल असतो.

मी एक मायक्रोफोन. सुरुवातीची वर्षं एडिनबराच्या एका सभागृहात काढली. माणसं "हॅलो, ऐकू येतंय का?" असं मला विचारायची आणि मग एकमेकांचं काहीही न ऐकता बोलत राहायची. सभागृह बंद पडलं, मी कपाटात धूळ खात पडलो. तिथून मला इशबेलनं उचललं. वाऱ्याची घरघर लागू नये म्हणून तिनं मला करडं, केसाळ टोपडं चढवलं. तिच्या काकांची कुत्री मला ससा समजून दोनदा तोंडात धरून पळाली.

लॅमरम्यूरच्या डोंगरांतला हा माळ त्याच काकांचा, वॉटीकाकांचा. आज कंपनीचा माणूस त्यांची सही घ्यायला येणार होता. मग दलदलीत चर खणायचे, पाणी काढून टाकायचं आणि टोकापासून टोकापर्यंत एकाच जातीची झाडं.

"झाडंच लावतायत ना, पोरी? विष नाही पेरत," काका म्हणाले होते. "वर वारा आणि चिखल. गुडघा धरल्यापासून मी तर तिकडे फिरकलोही नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"चहा पी. फार बोलतेस."

म्हणून आज पहाटे इशबेलनं मला हेदरच्या झुडपांत ठेवलं आणि लांब जाऊन बसली. आधी वारा. मग चंडोल. आणि मग थेट डोक्यावरून एक थरथरतं "बेंऽऽ". मी चक्रावलो. आभाळात कोण चरतंय?

न्याहारीच्या वेळी तिनं ते काकांना आणि बेथियाकाकूंना ऐकवलं. काकांनी कप खाली ठेवला. "अगं, कोकरू अडकलंय दलदलीत!"

"काका, ते कोकरू नाही..."

"पन्नास वसंत मेंढ्यांत काढलेत मी! कुणाचं का असेना, बुडेल ते. बूट कुठायत माझे?"

ते लंगडत चढले. मागून मी, इशबेलच्या हातात. वर पोचलो, तर पुन्हा तेच "बेंऽऽ". उंचावरून एक पाणलावा पक्षी सुसाट खाली झेपावला. वाऱ्यात त्याच्या शेपटीची पिसं थरथरत होती. आवाज तिथून येत होता.

"हात्तिच्या! शेपटीनं ओरडतोय लेकाचा!"

"खाली गवतात अंडी असतील, काका. चर खणले की संपलं."

टोपी काढून काकांनी कान मोकळे केले. मग दुसरा पक्षी झेपावला, तिसरा झेपावला.

तेवढ्यात खालून हाक आली. फाटकाशी कंपनीचा माणूस कागद हलवत उभा होता. "येताय ना? सही राहिलीय!"

"कोकरू शोधतोय!" काका ओरडले आणि खुशाल हेदरवर बसले.

वारा खालून वर येत होता, म्हणून फाटकावरचं बोलणंही मला ऐकू आलं. बेथियाकाकू त्या माणसाला सांगत होत्या, "बसा निवांत. यंदा आमची एकही मेंढी वर सोडलेली नाही. कोकरू सापडायला जरा वेळ लागेल."