चौथं कडवं

ही गोष्ट २०२२ सालची. त्या वर्षी हदासा पेणकर त्र्याहत्तर वर्षांची होती, आणि तोवर दुसऱ्याचं काही उचलल्याचा आळ तिच्यावर कधी आला नव्हता. टेलिफोन खात्यात तीस वर्षं नोकरी झाली. नवरा जोनाथन गेल्यापासून ती जुन्या पनवेलात एकटीच राहत होती. शेजारी भिंतीला भिंत लावून शोभा. शोभाचा मुलगा निनाद आईच्या हातचं जेवला नसेल तितका हदासामावशीच्या हातचं जेवलेला.

त्याच वर्षी निनादनं चांगली नोकरी सोडली, कामोठ्यात क्लासच्या वरची एक खोली भाड्यानं घेतली, भिंतींना गाद्या ठोकल्या आणि स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. नाव ठेवलं ‘खाजण’, खाडीच्या खाऱ्या दलदलीवरून. या खाडीकाठची गाणी, ती ज्यांनी तोंडात जपली त्यांच्याच आवाजात काढायची, असा त्याचा बेत होता.

“कंपनी म्हणे!” शोभा म्हणायची. “खाली पोरं पाढे म्हणतात, वर हा दारं लावून बसतो.”

पहिली आली गव्हाणची हौसा, लग्नात धवले गाणारी. हदासा त्या दिवशी कौतुकानं बघायला गेली होती. गाणं झाल्यावर निनादनं एक फॉर्म काढला.

“हौसाबाई, रेकॉर्डिंग माझ्या कंपनीचं. पण शब्द आणि चाल ज्याची, त्याचा हक्क वेगळा असतो. उद्या कुणी गाणं सिनेमात घेतलं, तर आधी त्याला विचारावं लागतं. म्हणून रचणाऱ्याचं नाव हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे नोंदवून ठेवायचं. तुमचं घालू?”

“माजं कशाला?” हौसा म्हणाली. “आमी नाय केलं. आमच्या आयांचं हाय. आमी निस्ती गातो.”

“पण त्या आयांची नावं?”

“त्या कुटं सांगून गेल्या?” हौसा हसली, आणि पदर खोचून निघालीसुद्धा. निनादनं ‘पारंपरिक’ लिहिलं.

मग हदासाची पाळी आली. गाणं होतं मोशेच्या टोपलीचं. नदीत सोडलेल्या बाळाला त्याची बहीण काठावरून निजवते, ते.

लव्हाळ्यात टोपली गं, हळू हल पाण्या रे,
राजाघरी जायचंय तुला, नीज माझ्या सोन्या रे.

तीन कडवी म्हणून ती थांबली. चौथं होतं. ते तिनं गिळलं.

हदासासारख्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, मराठी कीर्तनांत रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायची रीत आहे. हे गाणं १९६८ साली ज्युडिथनं रचलं होतं, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला साजेशा मिजाशीनं तिनंही शेवटी आपली खूण ठेवली होती:

काठावरी बहीण उभी, डोळा लावू नये रे,
रुबेनाची लेक म्हणे, बाळा, भिऊ नये रे.

ज्युडिथ म्हणजे हदासाची जिवाभावाची मैत्रीण. बायकांच्या कीर्तनात ज्युडिथ पुढे बसायची, चाल धरायची. हदासा मागे, साथीला. १९७१ साली ज्युडिथ वडिलांबरोबर, रुबेनकाकांबरोबर, इस्राएलला गेली. त्यानंतर पनवेलात हे गाणं म्हणणारं तोंड एकच उरलं. बारशाला, मलिद्याच्या विधीला सगळे हदासालाच म्हणायला सांगत. चौथं कडवं कधी गळलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. हदासाच्या मात्र होतं.

“मावशी, हे कुणी रचलं?” निनादनं विचारलं.

ती ‘पारंपरिक’ म्हणणार होती. तेवढ्यात सोबत आलेली शोभा ठसक्यात म्हणाली, “कुणी म्हणजे? हिनंच! तू पाळण्यात होतास तेव्हापासून हिच्याच तोंडून ऐकतेय मी.”

हदासा हसली. “जमलं असंच कधीतरी,” ती म्हणाली.

पन्नास वर्षं सांभाळलं, म्हणजे थोडं आपलंही झालंच की, असं मनाशी म्हणत तिनं सही केली. पण पेन खाली ठेवताना हौसाचा हसरा चेहरा समोर आला, आणि तिनं घाईघाईनं पर्स उचलली.

गाणं लोकांना आवडलं. पेठेत लोक थांबवून विचारू लागले. कुणा सिनेमावाल्यांनी ते मागितलं आणि निनादकडून लिहून मागितलं की यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. त्याच आठवड्यात इस्राएलमधल्या अश्दोदहून ओर्ली नावाच्या मुलीचं पत्र आलं: हे गाणं माझ्या आजीचं आहे, तिचं नाव ज्युडिथ.

निनाद मोबाईल घेऊन धावत आला. “मावशी, ही ओर्ली कोण? ज्युडिथ कोण?”

सांगायची हीच वेळ होती. हदासा भांडं विसळत म्हणाली, “होती इथे एक. खूप जुनी गोष्ट आहे. तिलाही येत असेल गाणं.”

“मग मी देतो सणसणीत उत्तर. तुमच्या नावाला कुणी बोट लावलेलं मला चालणार नाही.” त्यानं तिथेच बसून लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. शेवटचं वाक्य होतं: वयोमानानं तुमच्या आजींच्या आठवणींचा गोंधळ होत असावा. “बरोबर आहे ना?”

“चहा टाकू?” हदासानं विचारलं.

चार दिवसांनी, भर दुपारी, तिचा फोन वाजला. पडद्यावर एक वाळलेली, पांढऱ्या केसांची बाई होती. हसण्यावरून ओळख पटली.

“हदे! किती म्हातारी झालीस गं!”

“आणि तू काय लग्नाला उभी आहेस?” हदासाच्या तोंडून सवयीनं निघालं. आता ही भांडणार, असं तिला वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

“ऐक ना,” ज्युडिथ आवाज खाली आणून म्हणाली. “पोरीला मी सांगितलं नाहीये की तुला फोन करतेय. तिकडून कुणी लिहिलंय, मला भ्रम झालाय म्हणून. अगं, हल्ली खरंच विसरायला होतं मला. परवा चूल पेटती ठेवली. म्हणून तुलाच विचारते, तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? ते टोपलीचं गाणं मीच केलं होतं ना? की मला नुसतं वाटतंय? शेवटचं कडवं होतं, त्यात बाबांचं नाव होतं… ते काही केल्या आठवत नाही. नसेलच का गं ते?”

गाण्यावरची खूण तर तिनं पुसलीच होती. आता त्या बाईचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वासही पुसला जात होता.

“होतं,” ती म्हणाली. मग तिनं चौथं कडवं म्हटलं. आवाज फाटला, तरी पुरं केलं. “तुझंच आहे, ज्युडी. सगळंच्या सगळं. तुझं डोकं शाबूत आहे. मी चोरलं.”

ज्युडिथनं ‘रुबेनाची लेक’ हे दोन शब्द दोनदा पुटपुटले, आणि “बरं झालं सांगितलंस,” म्हणून फोन ठेवला. परत कधी केला नाही.

हदासा तशीच रिक्षा करून कामोठ्याला गेली. निनादनं सगळं ऐकून घेतलं. ओरडला असता तर तिला चाललं असतं. तो एवढंच म्हणाला, “मी त्यांना भ्रमिष्ट म्हटलं, मावशी. लेखी. तुम्हाला वाचून दाखवलं होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही चहाचं विचारलंत.”

शोभा संध्याकाळी हदासाकडे आली, म्हणाली, “चूक माझी, मीच बोलून गेले.” हदासानं मान हलवली. “तू चुकून बोललीस. मी समजून गप्प बसले.”

निनादनं गाणं मागे घेतलं, माफीचं पत्र पाठवलं, नोंद बदलली. चारी कडव्यांनिशी पुन्हा गायला त्यानं मुंबईची दुसरी गायिका बोलावली. सिनेमावाल्यांनी तोवर वेगळं गाणं घेतलं होतं. ‘खाजण’ आजही चालू आहे. गाणं अर्ध्यात सोडलं की निनाद हटकतो, आणि रचणाऱ्याचं नाव चारजणांदेखत विचारतो. हौसाला आता पुण्या-मुंबईची बोलावणी येतात, आणि दर ठिकाणी ती गाणं आयांचं असल्याचं सांगते. शोभा पूर्वीसारखीच येते-जाते, पण हदासाला गायला सांगत नाही.

ज्युडिथ २०२४ साली अश्दोदला वारली. बदललेली नोंद तिनं पाहिली होती, असं ओर्लीनं निनादला कळवलं; हदासाला नाही.

गेल्या डिसेंबरात ओर्ली आजीचं गाव बघायला पनवेलला आली. उतरली शोभाकडे. हदासानं गव्हाच्या चिकाचा हलवा केला, तिला प्रार्थनालय दाखवलं, आणि रुबेनकाकांचं घर होतं तिथली मोबाईलची दुकानंही. ओर्लीनं फोटो काढले, हलवा खाल्ला, नम्रपणे आभार मानले. गाण्याचा विषय तिनं काढला नाही. हदासानं तो काढायचा ठरवून तिला स्टेशनपर्यंत सोबत केली, आणि तिथे पोचल्यावर पाण्याची बाटली घेतलीस ना, एवढंच विचारलं.