उजव्या हाताची शिफ्ट

वसुधाताई निकम मुलाकडे एर्लांगेनला आल्या त्याला पाच आठवडे झाले होते. शार्दूल सकाळी सायकलवरून कंपनीत जायचा, सून उर्जा बसने तिच्या कामावर, आणि मागे राहिलेल्या वसुधाताईंना दुपारी बारानंतर करण्यासारखं काही उरायचं नाही. साताऱ्यात त्यांनी एकतीस वर्षं टायपिंगचं इन्स्टिट्यूट चालवलं होतं. मशीनचा खडखडाट कानावर पडला नाही की त्यांना दिवस अर्धवट वाटायचा.

२००८ सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी उर्जाने घरी येऊन पर्समधून एक पांढरी वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली.

“आई, ओळखा बघू काय आहे.”

“डबा?”

“लॅपटॉप! एक किलोसुद्धा नाही भरत. आणि तीनशे युरोच्या आत.”

उर्जा प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवणाऱ्या एका केंद्रात लागली होती. तिथे ज्येष्ठ मंडळींना कॉम्प्युटर शिकवत. त्या वर्गासाठी असे बारा लॅपटॉप घ्यावेत असं विभागप्रमुख लिंडनर यांच्या मनात होतं. रोजच्या कामाला हा टिकेल का, ते पंधरा दिवसांत पाहून अहवाल द्यायचं काम त्यांनी उर्जावर सोपवलं होतं. तिची नोकरी अजून प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे पक्की व्हायची होती, आणि एकटीने करायचं हे तिचं पहिलंच काम होतं.

तिने दोन दिवस इंटरनेटवर जेवढी परीक्षणं मिळाली तेवढी वाचून काढली. सगळीकडे कौतुकच होतं. तिसऱ्या दिवशी अहवाल निम्मा लिहूनही झाला.

“तू स्वतः वापरलास किती?” वसुधाताईंनी विचारलं.

“मेल पाहिले, दोनचार साइट उघडल्या. बाकी वाचलंय भरपूर.”

“अगं, मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो. मला दे आठवडाभर. इन्स्टिट्यूटमध्ये नवीन मशीन आलं की आधी मी बसायची, मग मुली.”

दुसऱ्या दिवसापासून वसुधाताईंची दुपार भरली. यंत्र पिशवीत टाकून त्या बसने श्लॉसगार्टनच्या बागेत जात, बाकावर बसत आणि मांडीवर घेऊन बहिणीला इंग्रजीत पत्र लिहीत. पहिल्याच पत्रात ‘माय’ऐवजी ‘एम झेड’ उमटलं. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेडनी आपापसात घरं बदललेली होती. ते बोटांत बसवायला त्यांना दोन दिवस लागले. बॅटरी घड्याळ लावून पाहिली, तर तीन तास पाच मिनिटं. झाकण उघडल्यापासून लिहायला लागेपर्यंत अर्धं मिनिटही जात नव्हतं. खांदा दुखत नव्हता. यंत्र त्यांना आवडायला लागलं.

मग एका दुपारी बहिणीला लिहिण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी नगरपालिकेचं कचरा वेगळा करण्याचं पत्रक समोर ठेवलं आणि बघून टाइप करायला घेतलं. जर्मन त्यांना येत नव्हतं, पण टायपिस्टला भाषा लागत नाही, अक्षरं लागतात. पान संपवून त्यांनी मान वर केली आणि पडद्याकडे बघून त्या चरकल्या. ओळी एकमेकींत घुसल्या होत्या. अर्धे शब्द वरच्या ओळीत जाऊन बसले होते.

त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. चौसष्टावं चालू होतं. बोटं गेली असतील, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत.

सकाळी मात्र त्या चिडून उठल्या. एकतीस वर्षं मुलींच्या चुका शोधल्या, तर स्वतःची का नाही सापडणार? शार्दूलच्या मोठ्या कीबोर्डवर त्यांनी तेच पत्रक टाइप केलं. चुका दोन. परत छोट्यावर घेतलं आणि या वेळी प्रत्येक की दाबताना बोटाकडे पाहिलं. उजवी करंगळी सवयीने शिफ्टकडे जात होती, आणि तिथे शिफ्ट नव्हतीच. तिथे वर जाण्याचा बाण होता. शिफ्ट त्याच्या पलीकडे, कोपऱ्यात ढकललेली. करंगळी बाणावर पडली की कर्सर टुणकन वरच्या ओळीत.

मग इंग्रजीत कसं चाललं? त्यांनी इंग्रजी पान टाइप करून पाहिलं. चार चुका. जर्मन पानात एक्केचाळीस. पत्रकाकडे पुन्हा निरखून पाहिलं तेव्हा त्यांना हसू फुटलं. या भाषेत दर दोन शब्दांनी एक कॅपिटल होतं!

संध्याकाळी उर्जा म्हणाली, “गेनाऊ, अगदी बरोबर, जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटलने सुरू होतं. पण आई, आजकाल सगळे दोन बोटांनीच टाइप करतात. कोणाला कळणारसुद्धा नाही.”

“तुमच्या वर्गात कोण येतं?”

“बायका जास्त. बऱ्याचजणी पूर्वी इथल्या ऑफिसांतून...” उर्जा थांबली. “टायपिस्ट होत्या.”

“मग झालं तर.”

“लिंडनरना तो फार आवडलाय हो. नको म्हटलं तर म्हणतील, हिला काही कळत नाही.”

“नको कशाला म्हणतेस? जे चांगलं ते चांगलं लिही. हे यंत्र नापास नाहीये, एका विषयात राहिलंय. एटीकेटी दे. आणि त्यांना पटलं नाही तर मी बाहेर बसलेली असेन.”

ठरलेल्या दिवशी लिंडनरनी अहवाल वाचला आणि शेवटच्या पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“फ्राऊ निकम, सगळी परीक्षणं म्हणतात की कीबोर्डची सवय होते.”

उर्जा म्हणाली, “हो, पण दहा बोटांनी पानभर जर्मन टाइप करून पाहिल्याचं त्यांतल्या कोणीच लिहिलेलं नाही. माझ्या सासूबाईंनी पाहिलंय. दाखवू?”

सुती साडी आणि पायात बूट अशा वेषात वसुधाताई आत आल्या, नमस्कार केला आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. समोर केंद्राचंच माहितीपत्रक होतं. टेबलावरच्या मोठ्या कीबोर्डवर त्यांची बोटं सुटली तशी शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

“यांना जर्मन येतं?” लिंडनरनी विचारलं.

“एक शब्दही नाही.”

पान झालं. चूक एक. मग छोटं यंत्र. तिसऱ्याच शब्दाला कर्सर वर उडाला. लिंडनरनी स्वतः बसून दोन बोटांनी चार ओळी टाइप केल्या. काहीच झालं नाही.

“मला तर अडचण येत नाही,” ते म्हणाले. उर्जाला वाटलं, संपलं.

दारातल्या घोळक्यातून एक पांढऱ्या केसांच्या बाई पुढे आल्या. फ्राऊ ह्यूबनर. ज्येष्ठांच्या वर्गातल्या, आयुष्यभर एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. त्यांनी लिंडनरना खांद्याला धरून उठवलं आणि स्वतः बसल्या. पाठ ताठ, मनगटं वर. दोन शब्द झाले, तिसऱ्याला कर्सर उडाला. त्यांनी हात वर केले.

“आल्झो, मला सांगा, इथली शिफ्ट कोणी पळवली?”

लिंडनर मोठ्याने हसले. त्यांनी बारा लॅपटॉपची ऑर्डर त्याच जागी थांबवली. थोडी मोठी मॉडेलं उन्हाळ्यात येणार होती. त्यांतलं एक निवडायचं कामही त्यांनी उर्जालाच दिलं. “पण मला सांगण्याआधी यांना विचारा,” असं वसुधाताईंकडे बोट करून बजावलं. वरून, नुसते मेल आणि पत्रं लिहिणाऱ्यांना घरी न्यायला म्हणून छोटे दोन घेऊया, असंही त्यांनी अहवालाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं.

फ्राऊ ह्यूबनर मात्र वसुधाताईंना सोडायला तयार नव्हत्या. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, मग मोठ्या कीबोर्डकडे, मग स्वतःच्या छातीकडे. एक मिनिट, तुमचा वेग किती नि माझा किती.

“काय म्हणताहेत?” वसुधाताईंनी विचारलं.

“शर्यत लावायची म्हणतायत, आई.”

वसुधाताईंनी पदर खोचला. “त्यांना म्हणावं, आधी तुम्ही बसा.”